पाइपचा गॅस : मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

दुरुस्ती कोणाची?
• रस्त्याखालची वाहिनी, इमारतीवर चढणारा उभा पाइप, मीटर : देखभाल साधारणपणे गॅस कंपनीकडे.
• मीटरपासून शेगडीपर्यंत : निगा आणि खर्च ग्राहकाचा. काम मात्र कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच. ओळखीचा प्लंबर इथे चालत नाही.
• स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना पाइप भिंतीत चिणू नये, कपाटामागे कोंडू नये. वॉल्व्हपर्यंत हात सहज पोचायला हवा.
• शेगडीची रबरी नळी : आयएसआय खुणेची. मुदत संपताच, आणि चीर दिसली तर त्याआधीच बदलावी.

दोन गॅस, दोन स्वभाव
पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन जड, जमिनीलगत साचतो. मूळचा वास दोन्हींना नाही. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. हवेत मिथेन सुमारे 5 ते 15 टक्के असताना एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

वास आला तर
वॉल्व्ह बंद. दारे-खिडक्या उघड्या. विजेचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये, एक्झॉस्ट फॅनचेसुद्धा. फोन घराबाहेर जाऊन करावा. सिलिंडरसाठी 1906, पाइप गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक.