सहजीवनाचे प्रकार : भातशेतीतून एक ओळख

रायपूर शहराच्या उत्तरेकडील भनपुरी, उरला व सिलतरा हा औद्योगिक पट्टा ज्या मैदानात वसला आहे, ते मैदान मूलतः भाताचे आहे. भातकापणीस दोन-तीन आठवडे उरले असता उभ्या पिकातील ओलसर मातीत लाखोळीचे बी फेकण्याची ‘उतेरा’ पद्धत या प्रदेशात रूढ आहे. विदर्भाच्या पूर्व भागातील भातउत्पादकांनाही ती परिचित आहे. या पिकासाठी नांगरट होत नाही आणि खतही क्वचितच दिले जाते. तरीही ते तग धरते, यामागे एक जैविक भागीदारी आहे.

भिन्न जातींच्या सजीवांचे निकट सान्निध्यातील जगणे म्हणजे सहजीवन, अशी व्याख्या जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये केली. या व्याख्येत लाभ व हानी हे दोन्ही येतात. सहजीवन म्हणजे केवळ परस्पर-लाभ हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

सहोपकारिता : यात दोघांनाही लाभ होतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला तरी वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. लाखोळीच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात वनस्पतीकडून कर्बयुक्त अन्न मिळवतात. स्वयंपाकघरातील दगडफूल हेदेखील बुरशी व शैवाल यांच्या सहवासातून घडलेले शैवाक होय.

सहभोजिता : यात एकास लाभ होतो, तर दुसऱ्यास लाभही नाही व हानीही नाही. चरणाऱ्या गुरांच्या पावलांनी उडालेले कीटक टिपणारा गायबगळा हे याचे परिचित उदाहरण आहे.

परजीविता : यात एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते. अमरवेल आपल्या शोषक मुळांनी आश्रयी वनस्पतीतील अन्नरस घेते. पळस, बोर व कुसुम या झाडांवरील लाखेचा कीटकही रसशोषकच आहे. त्याने स्रवलेल्या राळेपासून लाख मिळते आणि छत्तीसगडमधील अनेक वननिवासी कुटुंबांना तिचे उत्पन्न मिळते. झाडाच्या दृष्टीने परजीवी असलेला हा कीटक मानवास उपकारक ठरतो.

हे संबंध परिस्थितीनिरपेक्ष नसतात. जमिनीत नायट्रेटचे प्रमाण वाढले की शिंबावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी घटतात. म्हणजेच युरियाचा अतिरेक फुकट मिळणाऱ्या नायट्रोजनचा मार्ग आखडतो. लाखेचे बीज झाडाच्या कुवतीपेक्षा अधिक चढविल्यास फांद्या वाळतात. म्हणूनच झाडांना आळीपाळीने विश्रांती देणे आवश्यक ठरते. गंधक डायऑक्साइडयुक्त हवेत अनेक शैवाके तग धरत नाहीत. त्यामुळे औद्योगिक परिसरात ती प्रदूषणाची दर्शक मानली जातात.

सहजीवनाच्या तीन प्रकारांची विभागणी लाभ-हानीच्या हिशेबावर आधारलेली आहे. हा हिशेब बिघडला की त्याची किंमत शेतकरी व लाखउत्पादक यांनाही मोजावी लागते.