बॅलार्ड पिअरला उतरलेली जोडपी

आमच्याकडे पहाटे रेडिओ लावायचा मान आजोबांचा. केंद्र सुरू व्हायच्या आधीच ते बटण फिरवून बसत. थोडी खरखर, मग तंबोरा, आणि त्यावर तरंगत येणारी व्हायोलिनची ती धून. ती सुरू झाली की आजी चहाचं आधण ठेवायची. शिवरंजनीच्या सुरांतली ही आकाशवाणीची ओळखधून आपल्याकडच्याच कुणा बुजुर्ग पंडितांनी बांधली असणार, असं मी कॉलेजात जाईपर्यंत धरून चाललो होतो.

ती बांधली वाल्टर काउफमान यांनी. जन्म 1907, गाव बोहेमियातलं कार्ल्सबाड. घर ज्यू, भाषा जर्मन. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांचा संगीतावरचा प्रबंध तयार होता, पण आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. फेब्रुवारी 1934 मध्ये ते मुंबईला आले. मुंबईच का, तर इथला व्हिसा चटकन मिळत होता. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काच्या बहिणीची मुलगी. काफ्काच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींनी मारल्या, त्यात गेर्टीची आईही गेली. त्या काळात काफ्काची ही भाची मुंबईत संसार करत होती, हे कळल्यापासून गिरगाव-वाळकेश्वरच्या रस्त्यांवरून जाताना मला तिची आठवण होते.

काउफमान यांनी आल्या आल्या बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनला मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, चेलोवर एडिजिओ वेर्गा आणि पियानोवर स्वतः. मात्र एवढ्यावर पोट भरणारं नव्हतं. सिनेमाला संगीत दे, शिकवण्या कर, असं करत 1937 साली ते रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख झाले. ओळखधून त्याच्या जरा आधीची, 1936 च्या सुमाराची. मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. इथलं संगीत त्यांना सुरुवातीला मुळीच समजलं नाही. जे संगीत लाखो लोक जीव लावून ऐकतात ते मला कळत नसेल तर उणीव माझ्या कानात आहे, असं मानून ते शिकायला बसले. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ 1968 साली अमेरिकेत निघाला. त्याचं बीज मुंबईतल्या त्या बारा वर्षांत पडलं होतं.

मी जुन्या मुंबईच्या कलाजगताबद्दल वाचत गेलो, तशी अशी जोडपी एकामागून एक भेटत गेली. इटलीहून सुटलेल्या बोटीतून बॅलार्ड पिअरला उतरायचं, हाती दोन ट्रंका, खिशात जेमतेम पैसे. जर्मनी सोडणाऱ्या ज्यूला सोबत नेता येत होते फक्त 10 मार्क. पुढे पुढे हिंदुस्थानचा व्हिसाही अवघड झाला. हा माणूस सरकारवर भार होणार नाही अशी कुणीतरी हमी द्यावी लागे, नाहीतर नोकरीचं पत्र तरी दाखवावं लागे. मुंबईत 1934 साली स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशननं अशा हम्या देऊन कितीतरी कुटुंबांना वाट मोकळी केली.

व्हिएन्नाच्या वाल्टर लँगहॅमर यांच्याकडे नोकरी होती. चित्रकार आणि कलाशिक्षक असलेले लँगहॅमर पत्नी केटी यांच्यासह मुंबईत आले ते ऑस्ट्रिया हिटलरनं गिळल्यावर. केटी ज्यू होत्या आणि दोघंही डाव्या विचारांचे, त्यामुळे व्हिएन्नात थांबणं म्हणजे मरणाची वाट पाहणं होतं. व्हिएन्नात लँगहॅमर यांच्या हाताखाली शिकलेल्या एका पारशी विद्यार्थिनीच्या ओळखीतून मुंबईचं दार उघडलं आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कलासंचालकाची जागा मिळाली. शिष्येनं गुरूचं असं ऋण फेडलं. रोज सकाळी बोरीबंदरच्या कचेरीत जायचं, मासिकांची मुखपृष्ठं, जाहिराती, रंगीत पानं यांत डोकं घालायचं, आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. मुंबईचा झगझगीत उजेड त्यांच्या कॅनव्हासवर आला तो जाड, मोकळ्या रंगांच्या फटकाऱ्यांत. आपल्याकडच्या जलरंगांच्या नाजूक सवयीपुढे ते सगळंच नवं होतं.

पण लँगहॅमरांचं मुंबईवरचं खरं ऋण त्यांच्या चित्रांत शोधू नये. ते नेपियन सी रोडच्या घरात शोधावं. रविवारी त्या घराचं दार तरुण चित्रकारांसाठी उघडं असे. युरोपातल्या आधुनिक चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून चर्चा चाले, आणलेली चित्रं भिंतीला टेकवून त्यांतली रचना, रंगाचं वजन, कुठे फसलंय हे सांगितलं जाई. येणाऱ्यांत एक होते सय्यद हैदर रझा. मध्य प्रांतातून आलेले, दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत राबणारे. दुसरे कृष्णाजी हौळाजी आरा. हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणीच मुंबईला पळून आलेले, मोटारी धुऊन, घरगडी म्हणून राबून चित्रं काढणारे. आरांना ओळखणारी पहिली नजर रूडी फॉन लायडन यांची. हे बर्लिनचे, भूगर्भशास्त्र शिकलेले, 1933 पासून मुंबईत, जाहिरातींची चित्रं करणारे आणि 'टाइम्स'मध्ये कलासमीक्षा लिहिणारे. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांवर ज्यांनी जीव लावला त्यांच्यात हेच लायडन आहेत. हिंदुस्थानी गंजिफांचा मोठा संग्रह आणि त्यावरचं पुस्तक त्यांच्या नावावर आहे. व्हिएन्नाहून आलेले एमान्युएल श्लेसिंगर औषधांचा कारखाना चालवत आणि या पोरांची चित्रं विकत घेत. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा. 1947 साली रझा, आरा, सूझा, हुसेन, अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला, तेव्हा त्यांच्या पाठीशी ही तिघं होती.

कलेचे इतिहासकार या तिघांची नावं घेतात. मला तिथे केटी लँगहॅमर यांचंही नाव लिहायचं आहे. दर रविवारी अनोळखी, संकोचलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी पोरं ज्या घरात निर्धास्त बसत, ते घर एकट्या पुरुषानं चालत नाही. त्या घराची आपुलकी केटींनी सांभाळली होती. 1957 साली हे जोडपं हिंदुस्थान सोडून लंडनला गेलं.

आज एखाद्या परदेशी जोडप्याला भारतात येऊन कलेच्या क्षेत्रात काम करायचं असेल, तर त्यांनाही लँगहॅमरांसारखं नोकरीचं पत्र आधी मिळवावं लागतं. रोजगार व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला किमान 16.25 लाख रुपये पगाराची अट आहे; भाषाशिक्षक, अनुवादक, परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी अशा काहींना तीतून सूट मिळते. जोडीदाराला सोबत राहता येतं, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. दोघांपैकी एकजण घरी अडकतो तो इथे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला सामान्यतः आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. भारतीय माणसाशी लग्न झालेलं असेल तर नोंदणीला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो आणि मग बहुतेक क्षेत्रांत काम करायला मोकळीक मिळते. नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः पाहावं. मित्रांच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता पुन्हा जुन्या मुंबईकडे, सिनेमाच्या मालाडकडे वळू. हिमांशू राय आणि देविका राणी हे जोडपंही बर्लिन-लंडनहून परतलं आणि 1934 साली त्यांनी तिथे बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली. यंत्रं जर्मनीची, आणि माणसंही. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेटी, कॅमेऱ्याला म्युनिकचे योझेफ विर्शिंग. 'अछूत कन्या' (1936) पाहताना गावच्या रेल्वे फाटकाचा तो प्रसंग, देविका राणींच्या गालावर पडलेला उजेड, हे सगळं हिंदी न येणाऱ्या माणसांनी घडवलं यावर विश्वास बसत नाही. विर्शिंग पत्नी शार्लट यांच्यासह मालाडच्या त्या वस्तीतले झाले होते.

मग सप्टेंबर 1939 उजाडला. युद्ध जाहीर होताच ब्रिटिश सरकारनं जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष उचलले. यात नाझी पक्षाचे सभासद होते आणि नाझींपासून पळून आलेले ज्यूही. छावणी कुठे, तर आपल्या अहमदनगरला. तिथून पुढे देवळालीला आणि मग डेहराडूनला. 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारा हाइनरिश हारर याच वाटेनं डेहराडूनला पोहोचला आणि तिथून निसटला. कुटुंबांसाठी साताऱ्यात आणि पुरंदर किल्ल्यावर व्यवस्था होती. ज्या पुरंदरवर 1657 साली संभाजीराजे जन्मले, तिथल्या बराकींत जर्मन बायका मुलांना शिकवत, पावसाळ्यातल्या धुक्यात कपडे वाळवत दिवस काढत होत्या. चौकशी समितीपुढे जाऊन पुष्कळ ज्यू काही महिन्यांत सुटले. विर्शिंग ज्यू नव्हते. त्यांची सगळी युद्धवर्षं छावण्यांत गेली.

सुटल्यावर दुसरा कुणी हा देश सोडून गेला असता. विर्शिंग पुन्हा मालाडच्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि 1949 साली 'महल' आला. झुलणारं झुंबर, जिन्यावरचा अंधार, झोपाळ्यावरची ती धूसर आकृती. अंधाराला इतकं काम करायला लावणारा कॅमेरा आपल्या पडद्यानं त्याआधी क्वचितच पाहिला होता. पुढे 'दिल अपना और प्रीत पराई' आणि शेवटी 'पाकीजा'. तो पुरा व्हायच्या आधीच, 1967 साली, विर्शिंग मुंबईत वारले. चित्रपट पडद्यावर आला 1972 मध्ये. त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रं कुटुंबानं जपली. 2017 साली गोव्यात भरलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात ती लोकांनी पाहिली.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मॅग्दा नाखमान आणि एम. पी. टी. आचार्य हे जोडपं. मॅग्दा सेंट पीटर्सबर्गच्या, जन्म 1889, लेऑन बाक्स्ट यांच्या शिष्या. बाक्स्ट शिकवत त्याच चित्रशाळेत मार्क शगालही शिकले. आचार्य मद्रासचे क्रांतिकारक, ताश्कंदमध्ये 1920 साली स्थापन झालेल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, नंतर त्या पक्षाशी फारकत घेऊन अराजकवादी झालेले. दोघं रशियात भेटले, लग्न झालं, 1922 मध्ये बर्लिन गाठलं. तिथे मॅग्दांनी निर्वासित रशियन लेखकांची व्यक्तिचित्रं काढली. त्यात व्लादिमिर नाबोकोव्ह यांचं एक, 1933 सालचं. हिटलर आला आणि बर्लिनही सुटलं. आचार्य 1935 साली मुंबईत पुढे आले, मॅग्दा मागाहून.

इथे संसाराचं गणित उलटं होतं. आचार्य लिहीत, जगभरच्या अराजकवादी नियतकालिकांना लेख पाठवत, त्यातून मिळकत जवळजवळ नाही. घर चाललं ते मॅग्दांच्या कुंचल्यावर. वाळकेश्वरच्या भाड्याच्या जागेत त्या व्यक्तिचित्रं करत, शिकवण्या घेत, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत चित्रं लावत. व्हिएन्नाहून आलेली नर्तकी हिल्डे होल्गर हिनं मुंबईत एका पारशी डॉक्टरांशी लग्न करून नृत्यशाळा काढली होती. तिच्या कार्यक्रमांना मॅग्दांचा हात लागे. त्यांच्या चित्रांत राजेरजवाडे फारसे नाहीत. डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया आहेत, पोरं आहेत, नर्तकी आहेत, दमून बसलेली कष्टकरी माणसं आहेत. ज्या देशात त्या नवऱ्याचं बोट धरून आल्या त्याच्याकडे त्यांनी पाहुणीच्या नजरेनं पाहिलं नाही, हे त्या चेहऱ्यांवरून कळतं.

फेब्रुवारी 1951 मध्ये मुंबईत त्यांचं एकट्यांचं प्रदर्शन ठरलं. चित्रं टांगून झाली होती. 12 तारखेला उद्घाटनाला काही तास उरले असताना मॅग्दा गेल्या. प्रदर्शन तरीही उघडलं आणि लोक आले. आचार्य त्यानंतर तीन वर्षं जगले. हातात पैसा नव्हता, प्रकृती ढासळलेली, आणि खोलीत होती ती बायकोची चित्रं. त्यांतली एकेक विकत ते त्याच शहरात राहिले.