पंचवीस तुकडे, पाच वजीर

लहान मुलाच्या गोधडीसाठी घरातली पाच मऊ, जुनी सुती कापडं काढा. परकराचं लाल, धोतराचं पांढरं, लुगड्याचं हिरवं, ओढणीचं पिवळं, सदऱ्याचं निळं. प्रत्येकाचे साडेसात इंची पाच चौकोन कापा. झाले 25 तुकडे. शिवणीत प्रत्येक बाजूचा पाव इंच जातो, म्हणून तयार गोधडी 35 इंचांची होते. चालू लागलेल्या पोराला पुष्कळ झाली. आता कोणता तुकडा कुठे लावायचा, एवढंच काय ते ठरवायचं!

या ‘एवढंच’चा हिशेब केला तर छाती दडपते. पाच रंगांचे पाच-पाच तुकडे पाच बाय पाचच्या चौकटीत 62,33,60,74,31,25,120 प्रकारे मांडता येतात. म्हणजे 623 लाख कोटींहून जास्त. सेकंदाला एक मांडणी बघत बसलात, तर सगळ्या बघून व्हायला जवळजवळ दोन कोटी वर्षं लागतील. तोवर ते पोर गोधडीत राहील का?

मग डोळे मिटून हाताला येईल तो तुकडा लावला तर? तसं करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: ‘लाल सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले.’ व्हायचेच. चौकटीत एकमेकांना खेटून असलेल्या तुकड्यांच्या 40 जोड्या असतात. कुठल्याही तुकड्याचा शेजारी उरलेल्या 24 जणांपैकी एक असतो आणि त्यांतले चार त्याच्याच कापडाचे. म्हणजे सहातली एक जोडी एकरंगी. 40 जोड्यांत अशा सरासरी सहा-सात येणारच. आपण ज्याला ‘सहज विखुरलेलं’ म्हणतो, ते सहज कधी होत नाही. ते जुळवून आणावं लागतं.

ते जुळवायची एक युक्ती आहे, आणि ती इतकी साधी आहे की तिच्यातून पुढे जे निघतं त्यावर विश्वास बसत नाही. पहिली ओळ लावा: लाल, पांढरा, हिरवा, पिवळा, निळा. दुसरी ओळही याच क्रमाने, पण सगळ्यांना दोन घरं उजवीकडे सरकवा. उजवीकडून जे बाहेर पडतील त्यांना डावीकडून आत घ्या: पिवळा, निळा, लाल, पांढरा, हिरवा. पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अशीच दोन घरं पुढे.

आता फक्त लाल तुकडे बघा. एका ओळीतल्या लालवरून खालच्या ओळीतल्या लालवर जायला बुद्धिबळातल्या घोड्याची अडीच घरांची चाल लागते; उजवीकडून बाहेर पडला, तर तीच चाल डावीकडून पुरी होते. पाचही लालांच्या जागी वजीर ठेवून बघा. वजीर आडवा, उभा, तिरका कितीही घरं धावतो, तरी या पाचांतला एकही दुसऱ्याला मारू शकत नाही! आणि हे एकट्या लालचं नाही. पांढरे, हिरवे, पिवळे, निळे, पाचही रंगांचे वजीर एकाच पटावर, प्रत्येक रंग आपल्या भाऊबंदांपासून सुरक्षित. 623 लाख कोटी मांडण्यांमध्ये हा गुण असलेल्या मांडण्या किती? फक्त 240.

अजून एक गंमत. कडेचे तुकडे सोडून आतला कुठलाही तुकडा घ्या. त्याच्या डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या बाजूला उरलेले चारही रंग एकेकदा येतात. चार कोपऱ्यांनाही पुन्हा तेच चार, एकेकदा. प्रत्येकाला प्रत्येकाचा शेजार. सात कापडं घेऊन सात बाय सातची गोधडी केलीत तरी वजिरांचा नियम टिकतो. चार किंवा सहा कापडांवर मात्र कितीही डोकं लढवा, हे जमत नाही. तेवढे वजीर एका पटावर ठेवण्याच्या पुरेशा रीतीच नाहीत. त्यामुळे माझं मत पाचाला.

पण हा शेजार कसोटीचा आहे. लाल आणि हिरवा सारखेच गडद असतील, तर लपायला जागाच नाही. ते जागोजागी एकमेकांना भिडतात आणि लांबून एकच डाग दिसतो. म्हणून रंगाआधी गडद-फिकट बघावं. मांडणी जमिनीवर पसरा, मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. कोण कोणात बुडतोय ते लगेच कळतं. संध्याकाळच्या मंद उजेडात तर प्रकरण आणखी पालटतं. उजेड फारच कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, लाल काळपट होतो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ दिसतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. म्हणजे झोपायच्या वेळी मुलाच्या अंगावरची गोधडी दुपारची नसतेच.

हे सगळं चौकटीचं शास्त्र उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांना लागत नाही. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकी. त्यांच्या गोधडीची, म्हणजे कवंदीची, सुरुवात एका कोपऱ्यापासून होते. कडेकडेने टाके घालत, येईल तो तुकडा बसवत त्या आत आत मध्यापर्यंत येतात आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. आधी आराखडा नाही, तरी काय नजर! हिशेबाने मांडलेली गोधडी त्यांच्यापुढे थोडी शिस्तीची वाटते, हे कबूल करायला हवं.

शिवायला बसण्याआधी प्रत्येक तुकड्यामागे खडूने ओळ आणि घर यांचे आकडे लिहा, नाहीतर उचलताना वजिरांचा गोंधळ होईल. आरसे, टिकल्या, बटणं लावू नका. लहान मुलं ती ओढून काढतात आणि तोंडात घालतात. आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर ते झोपलेलं असताना गोधडी पाळण्यात ठेवू नका. जागेपणी जमिनीवर खेळायला अंथरा.