ज्ञानकोशाचें नवें लेखनसाधन

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचें काम विद्वानांच्या मंडळाकडे होतें. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा संगणकावरील ज्ञानकोश मात्र कोणाहि वाचकाच्या हातीं लेखणी देतो.

परंतु त्या लेखणीची एक अडचण होती. शब्द ठळक करावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजूंस तीन तीन अवतरणखुणा, दुसऱ्या लेखाकडे दुवा द्यावयाचा तर दुहेरी चौकटी कंस, अशी सांकेतिक भाषा आधीं शिकावी लागे. ज्यास विषय ठाऊक, त्यास पुष्कळदां खुणा ठाऊक नसत. मग लेख अलिखितच राही.

यावर उपाय म्हणून विकिमीडिया प्रतिष्ठाननें डिसेंबर २०१२ मध्यें इंग्रजी विकिपीडियावर ‘व्हिज्युअल एडिटर’ या साधनाची पहिली चांचणी आवृत्ति खुली केली. वाचकास दिसतें तसेंच पान लेखकासमोर येई. त्यांतच मजकूर घालावा, बटण दाबून शब्द ठळक करावा, दुवा जोडावा. संदर्भटीपांत व ठरावीक सांच्यांत मात्र तिच्यानें फेरफार होत नसे. मग असें अपुरें साधन लोकांपुढें कां ठेविलें? कारण कर्त्याच्या नजरेंतून सुटलेले दोष वापरणाऱ्यास सांपडतात. राहिलेल्या या सोयी २०१३ मध्यें झाल्या. पुढें हें साधन मराठींतहि आलें.

सिद्धेश्वराची यात्रा किंवा सोलापुरी चादर यांविषयीं लिहूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आतां खुणांचें भय उरलें नाहीं. तथापि वाक्यास आधार कोणता, हें शोधण्याचे कष्ट त्याचेच आहेत. प्रत्येक फेरफार लेखाच्या ‘इतिहासांत’ नोंदला जातो. तेथें श्रम दिसतात, तशी हयगयहि दिसते.