एका गियरची सायकल : एक घरगुती उद्योग

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील कोणत्याहि इमारतीच्या जिन्याखालीं पाहावें. गियरच्या दोन-चार सायकली धूळ खात पडलेल्या बहुधा आढळतील. मुलाच्या हौसेखातर घेतलेली ही जाड टायरांची ‘माउंटन बाइक’ दोन-तीन पावसाळे सोसते. मग गियरच्या तारा गंजतात, चेन उड्या मारूं लागते, आणि शेवटीं तिची रवानगी भंगारवाल्याकडे होते. वस्तुतः तिचा सांगाडा, चाकें व हँडल हीं पुष्कळदां शाबूत असतात. बिघडलेली असते ती केवळ गियर बदलण्याची यंत्रणा. तीच काढून टाकली तर काय होईल, हा या लेखाचा विषय आहे.

या सायकलीचा जन्महि जुन्या वस्तूंच्या पुनरुद्धारांतूनच झाला आहे. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांतले तरुण जुन्या, जाड टायरांच्या, एका गियरच्या सायकली डोंगरावरून खालीं पिटाळीत. मागील हबांतला ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून जाई व तें पुनः भरावें लागे. म्हणून १९७६ सालीं सुरू झालेल्या तेथील शर्यतीस ‘रीपॅक’ हें नांव पडलें. सारांश, गियर काढणें ही अधोगति नसून मूळपदावर येणें होय.

शाळेंतील गुणोत्तराचा धडा येथें उपयोगी पडतो. चेनव्हीलचे दांते ३२ व फ्रीव्हीलचे १६ असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागील चाक दोनदां फिरतें. २६ इंची चाकाचा परीघ सुमारें २.०७ मीटर, तेव्हां एका फेऱ्यांत ४.१ मीटर, आणि मिनिटास ६० फेरे धरल्यास तासाला सुमारें १५ किलोमीटर अंतर कापलें जाईल. सपाट रस्त्यास हें पुरेसें आहे. आरे वसाहतींतले चढ किंवा राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीचा रस्ता ज्यांस नित्य चढावयाचा आहे, त्यांनीं १८ दात्यांचें फ्रीव्हील घ्यावें. वेग १३ वर येईल, पण गुडघे वांचतील.

प्रथम गियरच्या तारा, हँडलावरील कळा व पुढील यंत्रणा काढावी. अनेक दात्यांचें फ्रीव्हील आट्यांवर बसविलेलें असल्यास तें सोडविण्यास खास पाना लागतो. तेवढें काम मिस्त्रीकडून करून घ्यावें. नवें फ्रीव्हील व चेनव्हील एका सरळ रेषेंत आलें पाहिजे, नाहींतर चेन वारंवार उतरेल. चाक बसविण्याची खांच आडवी असेल तर चाक मागें ओढून चेन ताणतां येते. खांच उभी असेल, तर मागची जुनी यंत्रणाच एका जागीं स्थिर करून ताण देण्यापुरती ठेवावी.

एकत्र कुटुंबांत सायकल एक आणि स्वार चार, हें नेहमींचेंच. सीटवर बसून खालच्या पायडलावर टांच ठेवली असतां पाय सरळ व्हावा. चवडा ठेवल्यावर गुडघ्यास किंचित् बांक राहतो, तीच योग्य उंची. प्रत्येकाची खूण सीटच्या दांड्यावर करून ठेवावी, म्हणजे रोजचा वाद मिटेल. मात्र दांड्यावरील मर्यादेच्या रेषेपलीकडे तो वर ओढूं नये. उभें राहून दांडा दोन पायांमध्यें घेतला असतां तो अंगास लागत असेल, तर ती सायकल त्या मुलासाठीं नव्हे.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. एक गियर म्हणजे एक ब्रेक नव्हे. शोभेसाठीं ब्रेक काढणाऱ्या तरुणांचें अनुकरण घरांत होऊं देऊं नये. उतारावर अंग मागें न्यावें, दोन्ही पायडलें समपातळींत ठेवावीं व दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावे. पावसांत रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात; म्हणून आधीं हलकेच दाबून पाणी निपटून घ्यावें. रस्त्यांतील लांबट फट शक्य तों काटकोनांत ओलांडावी, तिच्या बाजूनें चाक नेऊं नये.

सांगाड्यास चीर असेल किंवा पुढचा फोर्क वांकला असेल, तर मोह सोडून सायकल खुशाल भंगारांत द्यावी. अन्यथा सुट्टीचा एक रविवार या कामीं खर्चावा. पाना हातीं धरलेल्या मुलास यंत्र आंतून कसें चालतें हें एकदां कळलें, म्हणजे पुढची वस्तु मोडल्यावर तो नव्या वस्तूचा हट्ट धरण्यापूर्वीं ती उघडून पाहील.