मोठ्या मापाचे मॉडेल इंजिन : आधी रूळ, मग इंजिन

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात दरवर्षी खेळण्यांच्या व्यापाराचा मोठा मेळा भरतो. 1968 साली तेथील लेहमान या जुन्या कारखान्याने मेळ्यात नवा माल मांडला. 45 मिलिमीटर रुंदीच्या रुळावर विजेने धावणारी ही मोठी आगगाडी घराबाहेर बागेतही चालत असे. ‘एलजीबी’ या नावाने ती जगभर पोहोचली. आज अशा नव्या इंजिनाला शेकडो युरो पडतात, काहींना हजाराच्या वर. तेव्हा हा खेळण्याचा सौदा न समजता यंत्राचा सौदा समजूनच करावा.

पहिली गोष्ट मापाची. कापडाचा पन्ना एक असला म्हणून पोत एक असतो असे नाही. तसेच येथे आहे. रूळ 45 मिलिमीटरचाच, पण एलजीबीचे मूळ माप 1:22.5 आहे, म्हणजे मीटरगेज गाडीची प्रतिकृती. याच रुळावर रुंद रुळाच्या युरोपी गाड्या 1:32 मापात आणि काही अमेरिकी कंपन्यांच्या गाड्या 1:29 मापात धावतात. इंजिन एका मापाचे व डबे दुसऱ्या मापाचे घेतले तर गाडी चालेल, पण शोभणार नाही. मापाचा आकडा विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दुसरी गोष्ट वळणाची. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या 600 मिलिमीटर असते आणि 12 तुकड्यांत गोल पुरा होतो. लहान इंजिन त्यावर सहज फिरते. लांब इंजिनाला मोठे वळण लागते, नाहीतर ते अडते किंवा रुळावरून उतरते. सर्वांत लहान कोणते वळण चालेल, हे कारखाना मालाच्या माहितीत छापतो. म्हणून प्रथम जागा मोजावी, मग रूळ ठरवावा आणि शेवटी इंजिन निवडावे. पुष्कळ गिऱ्हाईक नेमके उलट करतात आणि महाग माल कपाटात ठेवून बसतात.

बसवताना पाया सपाट व पक्का हवा. बागेत खडीचा थर दिला की पाणी निचरते. चढ शक्यतो मीटरला 2 ते 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा. रूळ पितळेचा असतो व त्यातूनच वीज इंजिनाला मिळते. त्यामुळे सांधे घट्ट हवेत आणि रूळ साफ हवा. मार्ग लांब असेल तर दोन-तीन ठिकाणी तारा जोडाव्यात, नाहीतर दूरच्या टोकाला इंजिन मंदावते.

नवे इंजिन आल्यावर लगेच डबे जोडू नयेत. आधी ते एकटेच मध्यम वेगाने दोन्ही दिशांना थोडा वेळ चालवावे, म्हणजे दाते व मोटर बसतात. आवाज देणारी नवी इंजिने जुन्या साध्या वीजपेटीवर सुरुवातीला हलत नाहीत. आतील यंत्रणा जागी व्हायलाच काही व्होल्ट लागतात. अशा वेळी माल बिघडलेला समजून परत धाडण्याची घाई करू नये. आधी वीजपेटी तपासावी.

आता व्यापाराची बाब. 2006 साली लेहमान कारखान्याचे दिवाळे निघाले. 2007 मध्ये मेर्क्लिन कंपनीने एलजीबी घेतली. पुढे 2009 साली खुद्द मेर्क्लिनही दिवाळखोरीत गेली, सावरली आणि 2013 मध्ये नव्या मालकांकडे आली. अशा काळात सुट्या भागांची चिंता कोणत्याही गिऱ्हाइकाला वाटणारच. पण रुळाची रुंदी बदलली नाही. 1968 चा रूळ सांभाळून ठेवणाऱ्याला आजचे इंजिनही त्यावर चालवता येते, फक्त वळण पुरेसे मोठे हवे.

आपल्या कारागीर बांधवांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की मालकी बदलते, नावाची पाटीही बदलते, पण सर्वांनी मान्य केलेले माप टिकले तर गिऱ्हाइकाचा पैसा वाया जात नाही. माग असो वा इंजिन, खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे आपल्या जागेत बसेल काय? आपल्या जुन्या सामानाशी जुळेल काय? मोडल्यास भाग कोठे मिळतील? तिन्हींचे उत्तर हाती आले की मगच भावाची बोलणी करावीत.