एकच सेल्युलोज, दोन पिशव्या

जुलै महिन्यातली संध्याकाळ. डोंबिवली स्थानकातून बाहेर पडलेले एक गृहस्थ वाटेत किलोभर बटाटे घेतात. भाजीवाला ते कागदी पिशवीत घालून देतो. घर दहा मिनिटांवर आहे, पण पाचव्या मिनिटालाच पावसाने भिजलेल्या पिशवीचे बूड सुटते आणि बटाटे गटाराच्या दिशेने घरंगळू लागतात. शेजारून चाललेल्या बाईंच्या हातात जुन्या चादरीची शिवलेली पिशवी आहे. तीही चिंब भिजली आहे, पण तिला काहीच होत नाही.

कागद लाकडापासून बनतो आणि चादर कापसापासून. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही मुख्यतः एकाच पदार्थाचे बनलेले आहेत. तो पदार्थ म्हणजे सेल्युलोज. मग पाण्याने एकाचा लगदा व्हावा आणि दुसऱ्याचे काहीच बिघडू नये, हे कसे? घरातली रद्दी, जुने कपडे, सुई-दोरा आणि वाटीभर खळ एवढ्या सामग्रीवर या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. शोधता शोधता घराला उपयोगी पडतील अशा दोन पिशव्याही तयार होतात.

पिशवीच का?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईबरोबर ठाणे, कल्याण, बदलापूर या भागांतही पाणी शिरले. नाले तुंबण्यामागे प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या हे एक कारण असल्याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर सर्वच प्लॅस्टिक पिशव्या बंदीच्या कक्षेत आल्या. म्हणजे कागदी आणि कापडी पिशवी हा आता केवळ कार्यानुभवाच्या तासाचा विषय राहिलेला नाही. ती पिशवी टिकली नाही, तर माणूस पुन्हा प्लॅस्टिककडे वळतो. म्हणून ती कशाने टिकते हे समजून घ्यायला हवे.

कागदाला दिशा असते

एक जुने वर्तमानपत्र घ्या. पान वरून खाली फाडून पाहा. फाट बरीचशी सरळ जाते. आता तेच पान आडवे फाडा. फाट वाकडीतिकडी होते, मध्येच वळते. असे का होते?

कागद बनवताना लाकडाच्या तंतूंचा पाण्यातला पातळ लगदा एका धावत्या जाळीवर सोडतात. पाण्यातून वाहणारे ओंडके जसे प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने लांबट पडतात. पुढे हा कागद रिळावर गुंडाळला जातो. वर्तमानपत्र छापताना ते रीळ उलगडत जाते आणि पानाची उंची सहसा त्याच दिशेत येते. त्यामुळे पानाच्या उभ्या दिशेत बहुतेक तंतू पडलेले असतात. तंतूंच्या मधून फाडणे सोपे आणि तंतूंना आडवे फाडणे अवघड. छापखान्यातले लोक या दिशेला कागदाचा ग्रेन म्हणतात. हाताने बनवलेल्या कागदाला अशी ठळक दिशा नसते. मिळाल्यास तोही फाडून पाहा.

दिशा ओळखण्याची आणखी एक युक्ती आहे. वहीच्या कागदाचा हातभर नको, चार सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि पाण्यावर अलगद ठेवा. खालची बाजू भिजताच तो गुंडाळू लागतो. भिजलेला तंतू लांबीला फारसा वाढत नाही, पण जाडीला चांगलाच फुगतो. त्यामुळे खालची बाजू ग्रेनला आडव्या दिशेत पसरते, वरची कोरडी बाजू तेवढीच राहते आणि कागदाची नळी होते. ही नळी ज्या दिशेला लांब असते, तीच कागदाची दिशा.

पहिली पिशवी : रद्दीची

वर्तमानपत्राची मोठी, मधून उघडलेली दोन पाने एकावर एक ठेवा. मजकुराचे स्तंभ उभे येतील असे पाहा. म्हणजे पिशवीतही तंतू उभे राहतील. ओढ सोसण्याची कागदाची शक्ती ग्रेनच्या दिशेत जास्त असते आणि पिशवीतला भार खाली ओढत असतो, म्हणून ही मांडणी.

वरची कड चार सेंटिमीटर आत दुमडा. घडीत जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी घालून खळीने चिकटवा. आता डावी आणि उजवी कड मध्यावर आणून एकमेकींवर दोन सेंटिमीटर चढवा व चिकटवा. चपटी नळी तयार झाली. तिचे खालचे टोक दहा सेंटिमीटर वर दुमडून घडी पक्की करा. मग दुमडलेल्या भागाचे तोंड उघडून तो सपाट पसरा. दोन्ही बाजूंना त्रिकोण बनतील. वरची आणि खालची पाळी मधल्या रेषेच्या थोडी पलीकडे जाईल अशी दुमडून एकमेकींवर चिकटवा. हे झाले बूड. आत बुडाच्या मापाचा पुठ्ठा टाका. वर भोके पाडून सुतळी ओवा.

भोके पुठ्ठ्याच्या पट्टीतून का पाडायची, हे मुलांना आधी विचारा. सुतळी भोकाला वर ओढते. म्हणजे फाट वरच्या दिशेने, ग्रेनच्या बाजूनेच जाणार. आणि तिकडे तर कागद सहज फाटतो! पुठ्ठ्याची पट्टी तो ओढा रुंद भागावर वाटून देते. पट्टी असलेली आणि नसलेली अशा दोन पिशव्या करून त्यांत वजने घाला. फरक लगेच दिसेल.

एक काळजी मात्र घ्या. अशा पिशवीत वडे, भजी किंवा कोणताही उघडा खाद्यपदार्थ घालू नये. छपाईच्या शाईतली घातक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये बजावले आहे.

खळ काय करते?

दोन चमचे मैदा आणि दहा चमचे पाणी गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा. बराच वेळ काही होत नाही. मग पाणी चांगले तापले की मिश्रण एकदम दाट आणि अर्धपारदर्शक होते. मैद्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांतल्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. स्टार्च आणि सेल्युलोज या दोन्हींच्या साखळ्या ग्लुकोजच्याच. फक्त मणी ओवण्याची पद्धत वेगळी. म्हणून खळ आणि कागद यांचे चांगले जमते.

कागदातले तंतूही एकमेकांना असेच धरून असतात. लाकडाचे तंतू जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांबीचे असतात. त्यांना पीळ नसतो. कागद वाळताना ते जवळ येतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. कागदाची सारी ताकद या बंधांवर. पाणी आले की पाण्याचे रेणू मध्ये शिरून स्वतःच तंतूंशी बंध जोडतात. तंतूंचे हात सुटतात. तंतू तुटत नाहीत, ते एकमेकांपासून वेगळे होतात. गृहस्थांचे बटाटे सांडले ते यामुळे, आणि बुडाची खळही पाण्याने सैल पडली म्हणून.

कापडाचे गणित वेगळे

कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, म्हणजे लाकडाच्या तंतूच्या दसपट आणि त्याहूनही अधिक. सूत कातताना असे असंख्य तंतू एकत्र पिळतात. सूत ओढले की पीळ घट्ट होतो आणि तंतू एकमेकांवर दाबले जातात. त्यांना धरून ठेवते ते मुख्यतः घर्षण. भिजल्यावर तंतू फुगतात, पकड सुटत नाही. उलट सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा थोडा जास्तच भार सोसतो. जुन्या चादरीतून धागे उपसा. प्रत्येकाला प्लॅस्टिकचा पेला बांधून त्यात चमच्याने वाळू घालत जा आणि धागा किती चमच्यांना तुटतो ते लिहा. दहा कोरडे, दहा ओले धागे घेऊन सरासरी काढा. एकाच धाग्यावर विसंबू नका. वर्तमानपत्राच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्यांवरही हाच प्रयोग करा.

आपल्या परिसरात या गोष्टीचा एक तिसरा नमुनाही आहे. कल्याणच्या पुढचे स्थानक शहाड. तिथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाचा लगदा रसायनांनी विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लात सोडून रेयॉनचा धागा बनवतात. लाकूड तेच, सेल्युलोज तेच. पण कागदाऐवजी रेशमासारखा धागा! मात्र या प्रक्रियेत सेल्युलोजच्या साखळ्या आखूड होतात आणि त्यांची रचना कमी शिस्तीची राहते. म्हणून साधे रेयॉन ओले झाले की त्याची ताकद बरीच घटते. रेयॉनची ओली साडी जोरात पिळू नये, असे आई सांगते ते उगीच नाही.

दुसरी पिशवी : जुन्या जीन्सची

उल्हासनगर हे जीन्स शिवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि विटलेली जीन्स तर आता घरोघरी असते. तिचा तुकडा घेऊन कडेचे धागे उसवा. एका दिशेचे धागे निळे, दुसऱ्या दिशेचे पांढरे निघतील. निळा तो ताणा, म्हणजे मागावर ताणून बसवलेला उभा धागा. पांढरा तो बाणा, म्हणजे आडवा भरलेला धागा. विणीत निळा धागा बहुधा तीन पांढऱ्यांवरून जाऊन एकाखालून जातो. म्हणूनच कापड वरून निळे आणि आतून फिके दिसते. पँट शिवताना ताणा पायाच्या लांबीला ठेवतात.

आता सुती हातरुमाल कडेला समांतर ओढा. तो फारसा ताणत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा, लगेच लांबतो. पहिल्या वेळी आपण धागाच ओढतो. दुसऱ्या वेळी धाग्यांच्या चौकोनांचे समभुज चौकोन होतात. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गोल गळ्याला उरेब पट्टी लावतात, कारण ती वळणावर छान बसते. पण पिशवीचे बंद कधीही उरेबात कापू नयेत. ते ओझ्याने लांबत जातील.

पँटच्या एका पायाचा चाळीस सेंटिमीटर लांब तुकडा कापा. नळी आयतीच मिळते. ती उलटी करून खालची बाजू टीप मारून बंद करा. कोपरे तिरके धरून टोकापासून चार सेंटिमीटरवर आडवी टीप घाला, म्हणजे बुडाला रुंदी येईल. वरची कड दोनदा दुमडून शिवा, नाहीतर धागे सुटतील. बंदांसाठी दुसऱ्या पायाच्या लांबीत, म्हणजे निळ्या धाग्यांना समांतर, आठ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून चौपदरी दुमडा व शिवा. बंद पिशवीला जोडताना एकच रेघ न मारता चौकट आणि तिच्यात फुली अशी शिवण घाला. कागदी पिशवीत पुठ्ठ्याने केले तेच काम इथे चौकट करते.

हाताने शिवत असाल तर साधा धावदोरा नको, उलटी टीप घाला. धावदोऱ्यात एकदा दोरा तुटला की तो सरकत जातो. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याला भिडतो, त्यामुळे दोरा जागच्या जागी अडतो.

मग कोणती चांगली?

इथे एक हिशेब मुलांसमोर ठेवायला हवा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी इतर पिशव्यांची तुलना होती. केवळ तापमानवाढीवरचा परिणाम पाहिला, तर तिच्या बरोबरीला येण्यासाठी कागदी पिशवी ३ वेळा आणि नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. कारण कापूस पिकवणे, कातणे, विणणे, रंगवणे या सगळ्याला पाणी आणि ऊर्जा लागते. तुंबणारे नाले या हिशेबात नाहीत, हेही सांगावे.

१३१ हा आकडा घाबरवणारा वाटतो. पण ठाण्याला रोज डबा नेणाऱ्या माणसाच्या हातात तो पाच-सहा महिन्यांत पुरा होतो. आठवड्यातून एकदाच बाजारात नेली, तर अडीच वर्षे लागतात. आणि पिशवी जुन्या कापडाची असेल तर कापसाचा बराचसा हिशेब आधीच्या पँटीने फेडलेला असतो. अडचण होते ती समारंभात मिळालेल्या, कपाटात साठत जाणाऱ्या नव्या पिशव्यांची.

म्हणून वर्गात एवढे करा. प्रत्येक मुलाने घरच्यांच्या मदतीने एक पिशवी करावी आणि तिच्या आतल्या बाजूला तारीख लिहावी. वहीत दर वापराला एक रेघ मारावी. कुठे फाटली, का फाटली, कशी दुरुस्त केली, हेही टिपावे. कोरड्या दिवसांत हलक्या सामानाला रद्दीची पिशवी पुरते. पावसाळ्यात आणि ओझ्याला कापडीच हवी. वर्षाच्या शेवटी सगळ्या वह्या एकत्र मांडा. कोणाच्या पिशवीने १३१ चा आकडा ओलांडला, हे तेव्हा कळेलच.